अटक, चोवीस तासांची मुदत आणि रात्रभराचा गाडीप्रवास : कायदा नेमके काय सांगतो?

रेवाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत गेल्या आठवड्यात जे घडले ते मांडून मला जाणकारांचे मत घ्यायचे आहे. भाऊ पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला आहे. विदर्भातल्या आमच्या मूळ जिल्ह्यात त्याच्यावर आणि त्याच्या जुन्या भागीदारावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला आहे. त्या आरोपात तथ्य किती हे न्यायालय ठरवील, त्यामुळे त्याविषयी मी काही लिहीत नाही.

मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास, पाळीवर जाताना, कारखान्याच्या फाटकाजवळ साध्या वेशातल्या पोलिसांनी त्याला खासगी गाडीत बसवले. तिथून त्याला स्थानिक पोलीस ठाण्यात नेऊन काही तास बसवून ठेवले आणि दुपारी दोनला गाडी विदर्भाकडे निघाली. रात्रभराच्या प्रवासात त्याचा उजवा हात सीटखालच्या लोखंडी पट्टीला बेडीने अडकवलेला होता. त्याला मधुमेह आहे. गोळ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत होत्या आणि ती पिशवी डिकीत टाकलेली होती. मागूनही गोळ्या मिळाल्या नाहीत. लघवीसाठी एकदाच गाडी थांबवली, तेही बेडी न काढता रस्त्याच्या कडेला. बुधवारी पहाटे पाचला ते ठाण्यात पोहोचले. अटक पंचनाम्यात मात्र अटकेची वेळ बुधवारी दुपारी चार अशी नोंदवली आहे, आणि त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले ते गुरुवारी दुपारी बाराला. आम्हाला फोन आला तोही बुधवारी संध्याकाळी.

पोलिसांचे म्हणणे असे की, कागदावर वीसच तास होतात आणि प्रवासाचा वेळ तर कायद्यानेच वगळलेला आहे. हे बरोबर आहे का? आणि ज्या अवस्थेत त्याला नेले गेले, त्याबद्दल कायद्यात काही तरतूद आहे का, की तो फक्त माणुसकीचा विषय समजायचा?

वकील_तालुका_कोर्ट

ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांना कायद्यात स्पष्ट उत्तर आहे. आधी मुदतीचे पाहू.

संविधानाच्या अनुच्छेद 22(2) प्रमाणे अटक केलेल्या प्रत्येक व्यक्तीला अटकेपासून चोवीस तासांच्या आत सर्वांत जवळच्या दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलेच पाहिजे, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यापुढे एक तासही कोठडीत ठेवता येत नाही. हीच मुदत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 57 मध्ये होती आणि आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 58 मध्ये आहे. संविधान सभेत अनुच्छेद 21 मधून (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) 'कायद्याची योग्य प्रक्रिया' हे शब्द गळाले, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली होती. ती उणीव काही अंशी भरून काढावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर 1949 मध्ये 15-अ हे नवे कलम मांडले, आणि तेच आजचे अनुच्छेद 22. म्हणजे चोवीस तासांची ही अट केवळ पोलिसांच्या सोयीसाठी आखलेले वेळापत्रक नसून, माणसाला पकडल्यावर त्याच्याकडे पाहणारा पहिला तटस्थ डोळा न्यायालयाचा असावा म्हणून जाणीवपूर्वक केलेली तजवीज आहे.

घड्याळ केव्हा सुरू होते, यावर मुंबई उच्च न्यायालयाने 1990 मध्येच, कस्टम्स खात्याच्या अशक हुसेन प्रकरणात, उत्तर दिले आहे. अधिकारी कागदावर जी वेळ लिहितो ती अटकेची वेळ ठरत नाही. माणसाची मोकळीक ज्या क्षणी संपते, त्या क्षणी अटक पूर्ण होते. चौकशीसाठी बसवले होते, ताब्यात घेतले होते, अजून अटक दाखवली नव्हती, अशा शब्दांनी त्यात फरक पडत नाही. त्याला उठून घरी जाता येत होते का, एवढाच प्रश्न विचारायचा.

अगदी अलीकडचा निर्णय तुमच्या भावाच्या प्रकरणाशी जवळजवळ जुळतो. सक्तवसुली संचालनालय विरुद्ध सुभाष शर्मा या प्रकरणात संचालनालयाने त्या व्यक्तीचा ताबा 5 मार्च 2022 रोजी सकाळी अकराला घेतला, अटक दाखवली मध्यरात्रीनंतर सव्वा वाजता, आणि न्यायालयापुढे नेले 6 मार्चला दुपारी तीनला. कागदावर चौदा तासही होत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये ताब्याची वेळ धरून हिशेब केला, चोवीस तास उलटल्यामुळे ती अटकच दूषित ठरवली आणि जामीन कायम ठेवला. मूलभूत हक्कांचा असा भंग जामिनाच्या अर्जात दिसून आला, तर त्या व्यक्तीला जामिनावर सोडणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे, असेही तिथे म्हटले आहे.

आता प्रवासाचा वेळ. तो वगळता येतो हे खरे. पण कोणता प्रवास? संविधानाचे शब्द 'अटकेच्या ठिकाणापासून दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयापर्यंतच्या प्रवासासाठी आवश्यक असलेला वेळ' असे आहेत, आणि ते दंडाधिकारी सर्वांत जवळचे असावेत ही अट त्याच वाक्यात आहे. कलम 58 मध्ये तर आता, त्या न्यायालयाला अधिकारक्षेत्र असो वा नसो, अशी स्पष्ट भर घातली आहे. तुमच्या भावाला पकडले तिथून न्यायालय तासाभराच्या अंतरावर असणार. तिथे हजर करून पुढे नेण्याची परवानगी घेण्याचा मार्ग मोकळा असताना, विदर्भापर्यंतचे पंधरा तास 'आवश्यक' कसे म्हणता येतील? आणि वादापुरते ते पंधरा तास वगळले तरी मंगळवार सकाळी आठ ते गुरुवार दुपारी बारा हे बावन्न तास होतात. त्यातून पंधरा वजा जाता सदतीस उरतात. पोलिसांचा हिशेब कुठल्याच रीतीने जुळत नाही.

जिल्ह्याबाहेर वॉरंट बजावून अटक केली, तरी वॉरंट काढणारे न्यायालय तीस किलोमीटरच्या आत किंवा त्या भागातल्या अधिकाऱ्यांपेक्षा जवळ नसेल, तर आरोपीला आधी स्थानिक दंडाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक यांच्यापुढे न्यावे लागते. वॉरंट हाती असताना कायदा एवढी काळजी घ्यायला सांगतो, मग वॉरंटशिवाय केलेल्या अटकेत ती कमी कशी असेल?

दोन अपवादांची नोंद करतो, कारण इथे वाचणाऱ्या कोणाला त्यांची गरज लागू शकते. शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध केलेली व्यक्ती यांना चोवीस तासांची अट लागू होत नाही. आपल्याकडे 1981 च्या एमपीडीए (धोकादायक कृत्ये करणाऱ्यांना आळा घालणाऱ्या) कायद्याखाली स्थानबद्धतेचे आदेश निघतात, तिथे सल्लागार मंडळाचा वेगळा मार्ग आहे. तुमच्या भावाच्या गुन्ह्याशी त्याचा संबंध नाही.

निवृत्त_अंमलदार

ताई, मी पोलीस मुख्यालयात अनेक वर्षे कैदी पार्टीत, म्हणजे कैद्यांची ने-आण करणाऱ्या पथकात, काम केले आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

बेडीचा नियम खात्यातल्या प्रत्येकाला माहीत असतो, निदान असायला हवा. प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात 1980 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितले की बेडी हा शेवटचा उपाय आहे. आरोपी पळून जाईल असे मानायला ठोस कारण हवे, ते कारण त्याच वेळी लिहून ठेवायला हवे आणि ते न्यायालयाला दाखवायला हवे. पुढे 1995 मध्ये, गुवाहाटीच्या रुग्णालयात स्थानबद्धांना बेड्या घालून खाटांना बांधल्याचे पत्र एका ज्येष्ठ पत्रकाराने पाठवले, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने आणखी कडक आदेश दिला: दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तुरुंगातून न्यायालयात किंवा एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात नेताना बेडी घालायची नाही.

नव्या संहितेच्या कलम 43(3) ने अटक करताना आणि न्यायालयात हजर करताना बेडी वापरण्याची मुभा दिली आहे, आणि अनेक अंमलदार तेवढेच वाचून थांबतात. ती मुभा सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला आरोपी, संघटित गुन्हेगारी, दहशतवादी कृत्य, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्रे, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला, बनावट चलन, मानवी तस्करी, बालकांवरील लैंगिक गुन्हे आणि राज्याविरुद्धचे गुन्हे एवढ्यांपुरतीच आहे. साध्या फसवणुकीचा आरोप त्या यादीत नाही. आर्थिक गुन्ह्यांचा समावेश मूळ विधेयकात होता, तो संसदेच्या समितीच्या शिफारशीवरून वगळला गेला. शिवाय कलम 46 सांगते की पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून अधिक बंधन घालायचे नाही. धावत्या गाडीत, सोबत चार पोलीस असताना, सीटच्या पट्टीला हात अडकवणे मला तरी कुठल्याच हिशेबात बसताना दिसत नाही. गाडीला अपघात झाला किंवा आग लागली तर त्या माणसाचे काय होईल, हा विचार माझ्या मनात प्रत्येक ड्युटीला असायचा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आरोपी पळाला की निलंबन होते, खातेनिहाय चौकशी लागते, कधी गुन्हाही दाखल होतो. मनुष्यबळ अपुरे, गाडी जुनी, चालक सलग जागा. शिपायाच्या मनात भीती असते ती खरी आहे. पण त्यावर न्या. अय्यर यांनीच उत्तर दिले होते की पहारा वाढवा, कैद्याला जखडून खर्च वाचवू नका. ही जबाबदारी वरिष्ठांची आहे, आणि ती खाली ढकलली गेली की शेवटी तिचा भार आरोपीच्या मनगटावर येतो.

गोळ्या न देणे ही यातली सर्वांत गंभीर बाब आहे असे मला वाटते. कलम 56 प्रमाणे आरोपीच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणे हे ज्याच्या ताब्यात तो आहे त्याचे कर्तव्य आहे. मधुमेही माणसाला वेळेवर खाणे आणि औषध मिळाले नाही, तर तो गाडीतच बेशुद्ध पडू शकतो. आमच्या काळी चांगले पार्टीप्रमुख निघण्यापूर्वी आरोपीला तीन गोष्टी विचारत: औषध काय चालू आहे, शेवटचे जेवण केव्हा झाले, घरी कोणाला कळवायचे. त्याची नोंद ठाणे दैनंदिनीत होई. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

माळरान

एका गोष्टीवर वकीलसाहेबांचे मत हवे. प्रवासाचा वेळ इतका काटेकोर धरला, तर गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात काम कसे चालायचे? भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तिथल्या पोलिसांनी आरोपीला कसे हजर करायचे?

वकील_तालुका_कोर्ट

प्रश्न रास्त आहे आणि प्रवासाची सवलत नेमकी अशाच ठिकाणांसाठी आहे. पूर, तुटलेला रस्ता, जंगलातली पायवाट, यांमुळे जो वेळ खरोखर लागला तो वगळला जातो, आणि त्याबद्दल कोणी दंडाधिकारी पोलिसांना दोष देणार नाहीत. मात्र तो वेळ केव्हा सुरू झाला, कुठे थांबावे लागले, का थांबावे लागले, हे दैनंदिनीत दिसले पाहिजे. भामरागडच्या पुरासाठी ठेवलेली सवलत पुणे-नागपूर महामार्गावर वापरता येत नाही.

परजिल्हा आणि परराज्य अटकेत जवळच्या दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याला किती अर्थ आहे, याचे एक उदाहरण आपल्या राज्याशी थेट जोडलेले आहे. ऑगस्ट 2018 मध्ये पुणे पोलिसांनी गौतम नवलखा यांना दिल्लीत ताब्यात घेतले आणि तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडून पुण्याला नेण्यासाठी ट्रान्झिट रिमांड मिळवली. गुन्ह्याचे कागद मराठीत होते. ते दंडाधिकाऱ्यांना वाचताच आले नव्हते, तरी आदेश निघाला. दिल्ली उच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2018 रोजी तो आदेश रद्द केला. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि प्रकरण पुढे वेगळ्या वळणाने गेले, पण मला इथे सांगायचा मुद्दा मर्यादित आहे. आरोपीला समोर उभे करून घेणे म्हणजे शिक्का मारणे नव्हे. कागद वाचून, अटक कायदेशीर आहे का हे तपासणे हे त्या पहिल्या दंडाधिकाऱ्यांचे काम आहे.

जुनी_पाने

प्रवासातल्या हालअपेष्टांना न्यायशास्त्रात इतके महत्त्व का मिळाले, त्याचे एक भीषण उदाहरण आपल्याच देशात आहे. नोव्हेंबर 1921 मध्ये मलबारमधील मोपला बंडातल्या सुमारे शंभर कैद्यांना तिरूर येथे मालगाडीच्या बंद डब्यात कोंबून कोइमतूरच्या दिशेने पाठवले गेले. डब्यात हवा येण्याची सोय नव्हती. आतले लोक पाण्यासाठी आणि हवेसाठी ओरडत राहिले, पण दार उघडले ते पोदनूरला. सुमारे सत्तर माणसे गुदमरून मेली. त्यांतल्या एकालाही मृत्युदंड झालेला नव्हता.

संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये सुधारून स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतला 73 वा नियम वाचला की हा डबा आठवल्यावाचून राहत नाही. कैद्यांना नेताना त्यांना शक्य तितके लोकांच्या नजरेपासून दूर ठेवावे, पुरेशी हवा आणि उजेड नसलेल्या वाहनातून अथवा अनावश्यक शारीरिक त्रास होईल अशा रीतीने त्यांची वाहतूक करू नये, आणि खर्च प्रशासनाने करावा, असे तो सांगतो. हे नियम आपल्या न्यायालयात कायद्यासारखे थेट बंधनकारक नाहीत, पण अनुच्छेद 21 चा अर्थ लावताना न्यायालये त्यांचा आधार घेतात. 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने एका विधी शाखेच्या विद्यार्थ्याला विनाकारण बेड्या घालून लोकांसमोरून नेल्याबद्दल दोन लाख रुपये भरपाई मंजूर केली होती.

रेवाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. भाऊ आता न्यायालयीन कोठडीत आहे. एक गोष्ट मला खात राहिली आहे. हजर केले तेव्हा दंडाधिकाऱ्यांनी 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का' असे विचारले होते आणि तो 'नाही' म्हणाला. ज्यांनी रात्रभर त्याला आणले तेच दोघे त्याच्या शेजारी उभे होते, आणि आमचा वकीलही तेव्हा तिथे पोहोचला नव्हता. आता काही करता येईल का?

वकील_तालुका_कोर्ट

येईल, आणि त्याच्या 'नाही'चा फार ताण घेऊ नका. कोठडीतला माणूस पोलिसांच्या शेजारी उभा राहून काय बोलतो, याची न्यायालयांना जाण असते. हा प्रश्न विचारण्याचे बंधनच मुळात मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या महिलांच्या स्थितीवरून आले आहे. शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला छळ किंवा गैरवर्तनाबद्दल तक्रार आहे का ते विचारावे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क त्याला समजावून सांगावा. तो प्रश्न पोलिसांना बाजूला करून, वकिलाच्या उपस्थितीत विचारला गेला तरच त्याचा उपयोग होतो, असे माझे ठाम मत आहे. वकील नसेल तर पहिल्या हजेरीपासूनच सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क 1981 च्या खत्री प्रकरणापासून, म्हणजे भागलपूरच्या अंधीकरण प्रकरणापासून, मान्य आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयातून तो मिळतो. 15100 या क्रमांकावरही मदत मिळते.

सध्या सर्वांत घाईचे काम पुरावा जपण्याचे आहे. परमवीरसिंग सैनी प्रकरणात 2020 मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण अठरा महिने, आणि ती सोय नसेल तिथे किमान वर्षभर, जपण्याचा आदेश झाला आहे. प्रत्यक्षात चित्रण त्याआधीच पुसले गेल्याचे अनुभव येतात. म्हणून उद्याच्या उद्या न्यायालयात अर्ज देऊन पुण्याकडच्या आणि विदर्भातल्या अशा दोन्ही ठाण्यांचे त्या तीन दिवसांचे चित्रण व ठाणे दैनंदिनी जपून ठेवण्याचा आदेश मागा. कारखान्याच्या फाटकावरचा कॅमेरा, हजेरीच्या यंत्रात त्या दिवशी नोंद नसणे, भावाच्या मोबाइलचे टॉवर आणि त्या खासगी गाडीच्या फास्टॅगच्या नोंदी, यांवरून मंगळवार सकाळपासूनचा प्रत्येक टप्पा उभा राहतो. टोलनाक्याची नोंद अटक पंचनाम्यातल्या वेळेपेक्षा बोलकी असते.

अटकेची कारणे लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत दिली होती का, तेही पाहा. नोव्हेंबर 2025 मध्ये मिहीर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केले, आणि काही कारणाने लगेच लेखी देता आले नाही, तरी रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी ती दिलीच पाहिजेत असे ठरवले. फसवणुकीला कमाल शिक्षा सात वर्षांची आहे. तेव्हा अटकेआधी कलम 35(3) ची, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची, नोटीस का दिली नाही, हा अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये असे सांगणाऱ्या अर्नेश कुमार निर्णयाचा प्रश्नही जामीन अर्जात घ्या.

बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे बेकायदा डांबलेल्याला न्यायालयापुढे आणा अशी, याचिका आता करू नका. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने तो न्यायालयीन कोठडीत असल्यामुळे ती बहुधा टिकणार नाही. जामीन अर्जात चोवीस तासांचा मुद्दा पहिला ठेवा आणि वर सांगितलेला 2025 चा निर्णय जोडा. बेडी, औषध आणि खोटी वेळ यांबद्दलची तक्रार स्वतंत्र ठेवा; ती राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत करता येते, आणि भरपाईसाठी उच्च न्यायालयाचा अनुच्छेद 226 चा मार्ग आहे. भीमसिंग या आमदारांना वेळेत हजर न करता डांबून ठेवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये पन्नास हजार रुपये भरपाई दिली होती.

निवृत्त_अंमलदार

एक भर घालतो. तुरुंगात दाखल करताना वैद्यकीय अधिकारी तपासतात आणि मनगटावरचे वळ, रक्तातील साखर यांची नोंद होते. त्या नोंदीची प्रत वकिलामार्फत मागा. वळ अजून दिसत असतील तर लगेच पुन्हा तपासणीचा अर्ज द्या, आठवड्यानंतर ते राहणार नाहीत. पुढच्या तारखेला त्याला तुरुंगातून आणतील, तेव्हा औषध सोबत द्यावे आणि बेडी घालू नये असा न्यायालयाचा लेखी आदेश आधीच घेऊन ठेवा. त्या आदेशाची प्रत तुरुंग अधीक्षक आणि मुख्यालयातील कैदी पार्टी, दोघांकडेही पोहोचवा, कारण अनेकदा तो एका टेबलावरच राहतो आणि गाडीतल्या शिपायाला कळतही नाही.

रेवाकाठ

चित्रण जपण्याचा अर्ज आणि वैद्यकीय तपासणीचा अर्ज, दोन्ही उद्या सकाळी दाखल होत आहेत. कारखान्याच्या व्यवस्थापकांनी फाटकावरचे चित्रण आजच वेगळे काढून ठेवले आहे. त्यात तारीख आणि सात वाजून बावन्न मिनिटे ही वेळ स्पष्ट दिसते. जामीन अर्जावर आदेश झाला की इथे कळवते.